लेकाची दहावी, घरून आणि लेखनिक घेऊन : माझा अनुभव

सहावीच्या दिवाळीनंतर आम्ही लेकाला शाळेतून काढलं. तोंडी काहीही विचारा, फटाफट सांगायचा, ज्वालामुखीपासून फ्रीजच्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळं, आणि वहीत मात्र चार ओळी लिहायला अर्धा तास, त्यातही 'पाणी' चं 'पनी'. डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचायला-लिहायला अडचण येते तो) आहे हे नवव्या वर्षीच कळलं होतं, बुद्ध्यांकाच्या टेस्टमध्ये तर बोलण्याचा भाग खूपच वर होता, पण शाळेत बाईंचं एकच, हुशार आहे पण आळशी आहे. रोज रात्री पोटात दुखायला लागलं त्याच्या, मग म्हटलं बास.

घरी शिकवणं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही खरं. एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता घरून दहावी देता येते ते केंद्र सरकारचं मुक्त बोर्ड, त्याची पुस्तकं वेबसाइटवर फुकट मिळतात, ती ह्यांनी ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये बसून मोबाईलवर वाचून रेकॉर्ड केली. विज्ञानाचा एक अख्खा धडा असा आहे की मध्येच 'पुढील स्टेशन मुलुंड' ऐकू येतं, आणि लेकाला तो धडा तसाच्या तसा पाठ आहे, मुलुंडसकट!

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. "लोक विचारतात कितवीत आहे, काय सांगू?" मलाही सुचायचं नाही.

चौदा पूर्ण झाल्यावर दहावीचा फॉर्म भरायला बसलो. पाच विषय घ्यायचे, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, म्हणून आम्ही इंग्रजी, विज्ञान, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि चित्रकला घेतली. (पुढे डिप्लोमाला जायचं असेल तर गणित लागतं का, हे आधीच बघून ठेवा. आमच्या पोराला नाही जायचंय.) पासिंग ३३ टक्के, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि २० टक्के मार्क घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे. त्या असाइनमेंटनी मात्र जीव काढला, एकेक पान दोन दोन दिवस चाललं होतं.

अडकलो ते सर्टिफिकेटपाशी, लेखनिक (मुलगा सांगेल तसा त्याचा पेपर लिहून देणारा) आणि जादा वेळ मिळायला ते लागतं. आमचं नवव्या वर्षीचं होतं आणि मी निवांत होते. पण लर्निंग डिसेबिलिटीचं सर्टिफिकेट ८ व्या वर्षापासून मिळतं आणि मग १४ व्या, १८ व्या वर्षी परत तपासणी करावी लागते, हे मला फॉर्म भरताना कळलं. मग सरकारी हॉस्पिटलात चार फेऱ्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा आधार कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण आणि जुन्या कागदावर नुसतं इनिशियल म्हणून परत पाठवलं. तेव्हा हातात कागद आहे म्हणून गाफील राहू नका, त्यावरची तारीख बघा आणि सहा महिने आधी सुरुवात करा.

लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं मला वाटायचं. स्वतःचा लेखनिक न्यायचा तर आमच्या वेळी तो एक इयत्ता खालचा लागायचा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीला विचारलं, तिची आई लगेच हो म्हणाली. पहिल्या सरावाला मी स्वयंपाकघरातून ऐकतेय, प्रश्न होता लोखंड का गंजतं, आणि आमचे चिरंजीव म्हणतात, "अगं ते हवेतलं हे असतं ना, ते त्याला लागतं, मग ते तसं होतं, लिही." तिने इमानदारीत तसंच लिहिलं! वाचून दाखवल्यावर दोघं इतके हसले की त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही. त्यानंतर तीन महिने रविवारी सकाळी दोन तास एवढंच केलं, पूर्ण वाक्य बोलायचं, पूर्णविराम सांगायचा, तिचं पेन थांबेपर्यंत पुढे जायचं नाही, आकृती मात्र त्याची त्याने काढायची. घोकंपट्टीपेक्षा ह्याचाच जास्त उपयोग झाला.

तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळाला. सेंटरवरच्या सुपरवायझरना लेखनिकाचं काही माहीतच नव्हतं, पहिली वीस मिनिटं कागद दाखवण्यात गेली, ती शेवटी वाढवून दिली. विज्ञानाच्या पेपरानंतर त्या पोरीचा हात एवढा दुखत होता की वडापाव डाव्या हाताने खाल्ला तिने.

विज्ञानात ७१, चित्रकलेत ८४, इंग्रजीत ३८. मी म्हटलं इंग्रजी परत देऊया का, मार्क वाढतील. तर म्हणाला, "आई, पास आहे ना?" आणि हेडफोन लावला.