तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धविराम हवाच कशाला?

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे लेखक मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. स्वल्पविराम आहे, पूर्णविराम आहे, मग मध्येच हे टिंब-शेपटीचं चिन्ह (;) कशाला? घाईत धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चिन्ह व्हेनिसचं. आल्दुस मानुतिउस या मुद्रकाने १४९६ साली पिएत्रो बेंबो या तरुण विद्वानाचं, एटना ज्वालामुखीच्या चढाईवरचं छोटंसं लॅटिन पुस्तक छापलं. फ्रान्चेस्को ग्रिफोने त्यासाठी अक्षरं कोरली, आणि त्या पुस्तकात हे चिन्ह आजच्या कामासाठी पहिल्यांदा छापलं गेलं. आकार जुनाच होता. लॅटिन हस्तलिखितांत शब्द आखडून लिहिताना तसली खूण करत, आणि ग्रीकमध्ये तर आजही तेच प्रश्नचिन्ह आहे. आल्दुसला हवा होता तो स्वल्पविरामापेक्षा मोठा आणि अपूर्णविरामापेक्षा (:) छोटा थांबा.

मराठीत मात्र शतकानुशतकं याच्यावाचून काही अडलं नाही. पोथ्यांत एक दंड (।), दोन दंड (॥), बस. मोडी पत्रांत तेही नाही: शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडता ओळ सलग धावते. तरी वाचणारा वाचायचाच, कारण आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'आला', 'दिले', 'पाठविले' असं कानावर पडलं की वाक्य संपल्याचं कळतं. छपाई आणि शाळा आल्यावर इंग्रजी वळणाची चिन्हं आली. ती रुजवण्यात मोठा वाटा मेजर टॉमस कँडी यांचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर काम केलेल्या या माणसाने १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली.

मग वाक्य संपल्याचं क्रियापदच सांगत असेल, तर अर्धविरामाने काय मिळवलं? माझं उत्तर असं: वाक्य कुठे संपलं ते क्रियापद सांगतं, पण पुढच्या वाक्याशी त्याचं नातं काय, ते सांगत नाही.

हे पाहा. 'त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.' या दोन सुट्या नोंदी झाल्या. 'त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.' ही नुसती बेरीज. 'त्याने विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.' इथे दोष त्याच्या माथी बसला. आता 'त्याने विचारलं नाही; तिने सांगितलं नाही.' दोघांचं न बोलणं शेजारी शेजारी उभं राहिलं, त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हेही कळलं, पण कुणामुळे काय झालं याचा निकाल लेखकाने दिला नाही. तो वाचकावर सोपवला. हे काम दुसऱ्या कुठल्याही चिन्हाला जमत नाही.

शाळेत आपण शिकलो ते 'पण'च्या आधी अर्धविराम द्यायचा, एवढंच. नियम चूक नाही, पण तिथे नातं जोडायला 'पण' असतोच; अर्धविराम फक्त सोबतीला. त्याची खरी ताकद जोडशब्द काढून टाकल्यावर दिसते.

यादीत त्याचा उपयोग निव्वळ सोयीचा, तरी हवाच. 'मुख्याध्यापिका, सुधाताई, सरपंच, अण्णा आणि ग्रंथपाल' असं लिहिलंत तर व्यासपीठावर खुर्च्या किती मांडायच्या? तीन की पाच? 'मुख्याध्यापिका, सुधाताई; सरपंच, अण्णा; आणि ग्रंथपाल' म्हटलं की तीनच.

फोनवर लिहिणारे बरेच जण हे चिन्ह शोधायला कीबोर्डचं दुसरं पान उघडत नाहीत, आणि त्याच्या जागी तीन टिंबं टाकतात. मला ते खटकतं. तीन टिंबांनी वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंची वाक्यं पूर्ण असतात.

म्हणून तुमच्या प्रुफात 'आणि' खोडून मी अर्धविराम सुचवते, तेव्हा दोन्ही वाक्यं एकदा मोठ्याने वाचा. दोष कुणाच्या तरी पदरात टाकायचाच असेल, तर बेलाशक 'म्हणून' लिहा. मी हात लावणार नाही.