झोप लागते का एवढंच विचारून थांबू नका

आज मैत्रिणीला सहज विचारलं झोप लागते का गं, तर म्हणाली लागते पण झोपायचीच भीती वाटते, महिनाभर रोज तेच स्वप्न, मग घामाघूम होऊन उठते आणि लाइट लावून बसून राहते. सांगताना नखाने मोबाइलचं कव्हर खरवडत होती नुसती. (तिला विचारूनच लिहितेय.)

आधी मीही म्हणाले असते, अगं स्वप्नच ते, विसर. पण फिनलंडमधला ३६,००० हून जास्त लोकांचा २००१ चा अभ्यास वाचला होता, वारंवार भयानक स्वप्नं पडणाऱ्यांमध्ये आत्महत्येचा धोका जवळपास दुप्पट निघाला. वाईट स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ती अचानक वाढली, स्वप्नात स्वतःचं मरण दिसायला लागलं तर डॉक्टरांना सांगायचंच. यावर उपचार आहेत, जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून रोज मनात घोळवायला शिकवतात, इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात त्याला.

मग सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने असे विचार डोक्यात येतात हा गैरसमज आहे. बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "कधी कधी."

लगेच अपॉइंटमेंट घेतली, सकाळी मी सोबत जातेय. आत्ता माझ्याकडेच झोपलीय, लाइट चालू ठेवलाय.