टॅन हिल इन: पबपर्यंत निवांत, पबनंतर दलदल

पेनाइन वे ही इंग्लंडातली लांब पल्ल्याची पायवाट चालणाऱ्यांना टॅन हिल इनबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. दोन, इथून पुढे उतारच आहे. पहिली गोष्ट खरी: उंची १,७३२ फूट, म्हणजे ५२८ मीटर. दुसरीवर विसंबून लोक फसतात. उतार आहे, पण तो स्लाइटहोम मूर या उघड्या, पाणथळ माळातून आहे आणि आख्ख्या २६८ मैलांच्या वाटेवरच्या सर्वांत बदनाम दलदलींपैकी ही एक.

पबच्या आधीचा, हॉझ ते केल्ड या गावांमधला टप्पा सुंदर आहे, वाट स्पष्ट आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. केल्डहून पब साधारण साडेसहा किलोमीटर. चढ सौम्य, दोन तास पुरतात. पबच्या जवळ आलात की एकच पथ्य: वाट सोडू नका, शॉर्टकट मारू नका. आजूबाजूला जुन्या कोळसा खाणींची तोंडं आहेत, काही गवताखाली झाकली गेली आहेत.

त्या खाणी हेच या पबचं कारण. एवढ्या उजाड माळावर, जिथे शेजारी घर नाही, तिथे दारू विकायला कोण बसेल, असा प्रश्न पडतोच. तर अठराव्या शतकात इथे खाणकामगारांची वस्ती होती आणि पबला ‘किंग्ज पिट’ हे खाणीचंच नाव होतं. शिवाय केल्ड, आर्कनगार्थडेल आणि पश्चिमेकडून येणारे रस्ते इथेच मिळतात. शेवटची खाण १९२९ मध्ये बंद पडली, कामगारांची घरं गेली, पब तेवढा उरला.

तो उरला तो चालवणाऱ्यांमुळे. इंग्लंडात पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणतात. इमारत त्याच्या मालकीची असेलच असं नाही. टॅन हिलच्या चालकांमध्ये सर्वांत मोठं नाव बाईचं आहे. सुसान पीकॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा पब सांभाळला. म्हणजे खाण चालू असतानाचं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं आणि खाण बंद झाल्यावरचा रिकामा माळही. एकटं ठिकाण म्हणून त्या भरलेलं पिस्तूल हाताशी ठेवत, असं आजही सांगतात. आत गेलात की शेकोटीशेजारी दोन मिनिटं बसून हा काळ डोळ्यांसमोर आणा. 

लँडलॉर्डांची वंशावळ खणायची हौस असेल तर सोपा मार्ग आहे. १५५२ च्या कायद्यापासून दारूगुत्त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. १७५३ ते १८२८ या काळातल्या परवान्यांच्या नोंदवह्या सर्वांत कामाच्या, कारण त्यांत चालकाचं नाव सापडतं. १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना त्याला जोडून पाहा. नॉर्थ रायडिंगचे, म्हणजे यॉर्कशायरच्या उत्तर भागाचे कागद नॉर्थॅलर्टनच्या अभिलेखागारात आहेत. गोंधळ होतो तो १९७४ नंतर: तेव्हा पब डरहॅम काउंटीत टाकला गेला आणि पुढे पुन्हा यॉर्कशायरमध्ये आला. मधल्या वर्षांचे कागद शोधताना दोन्हीकडे चौकशी करा.

आता मूर. सह्याद्रीत पावसाळी चिखलात चाललेल्यांनी इथे जास्त सावध राहावं, कमी नाही. आपल्या चिखलाखाली कातळ किंवा मुरूम लागतो, पाय कुठेतरी टेकतो. इथे खाली पीट आहे: शेकडो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेलं शेवाळ. ते स्पंजासारखं पाणी धरतं, त्यामुळे दोन दिवस ऊन पडलं तरी वाट कोरडी होत नाही. रंग वाचायला शिका. पोपटी, मऊ, चकचकीत शेवाळ दिसलं तर पाय ठेवायचाच नाही. पांढरे कापसासारखे गोंडे डुलत असतील तर खाली पाणी आहे. हेदरची तपकिरी झुडपं जिथे दाट, तिथली जमीन त्यातल्या त्यात घट्ट. प्रत्येक पावलाआधी काठी खुपसा. अर्ध्याहून जास्त आत गेली तर बाजू बदला. पाय रुतलाच तर झटका देऊ नका. दुसरा पायही जातो आणि बूट आतच राहतो. मागे रेला, वजन पसरा, पाय वळवत हळूहळू काढा. वाटेवरचे खांब धुक्यात दिसत नाहीत, तेव्हा १:२५,००० चा कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

स्पष्ट सांगायचं तर, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर मूर ओलांडू नका. पबमधून आर्कनगार्थडेलच्या रस्त्याने निघा आणि डावीकडे फुटणारा स्लाइटहोम मूर रोड धरा. अंतर वाढतं, पण पाय कोरडे राहतात आणि पुढे दोन्ही वाटा एकत्र येतात. यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक वेळेची. लोक दुपारी तीनला पबात पोचतात, दोन पाइंट घेतात आणि मूरमध्ये शिरतात. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, रिकाम्या पोटी ते पायांत उतरतं. हाफ मागा, जेवा, इथेच मुक्काम करा आणि सकाळी निघा. खोली किंवा तंबूची जागा आधी ठरवा. पबपर्यंत बस येईल या भरवशावर राहू नका. टॅक्सी लागली तर भाडं फोनवरच ठरवून घ्या. ती लांबून येते आणि रिकाम्या परतीचेही पैसे लावते.

हिवाळ्यात जाणार असाल तर २६ नोव्हेंबर २०२१ लक्षात ठेवा. आर्वेन वादळाच्या बर्फात ६१ माणसं या पबात तीन रात्री अडकली होती. त्यांत गाण्याच्या कार्यक्रमासाठी आलेला बँडही होता. एका संध्याकाळसाठी निघालात तरी जादा कपडे आणि रोजची औषधं तीन दिवसांची घ्या.