महापुरातील एक हृदयविकार

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली (तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे), तेव्हा मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात काम करत होतो. त्या धांदलीत निवारा केंद्रातून साठी ओलांडलेल्या एका मावशींना छातीत कळ, धाप आणि दरदरून घाम अशा अवस्थेत आणले गेले. ईसीजीतील एसटी रेषा वर उचललेली होती आणि रक्तातील ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढलेले होते. असे दिसले की रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे असेच धरून पुढे जायचे असते, म्हणून त्यांना थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, घेतले.

अँजिओग्राफीत मात्र तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडल्यावर उलगडा झाला: हृदयाचा वरचा भाग जोराने आकुंचन पावत होता आणि टोकाकडचा भाग जवळजवळ हलतच नसल्यामुळे फुग्यासारखा फुगत होता. जपानी डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास प्रथम वर्णन केलेला हा ताकोत्सुबो विकार होता, म्हणजे तीव्र ताणाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होणे.

मुलाला ‘ब्लॉकेज नाही’ असे सांगताच तो सुटकेने म्हणाला, “म्हणजे नुसतं टेन्शनच ना, डॉक्टर?” हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण त्यातल्या ‘नुसतं’मध्ये ‘काही झालेलंच नाही’ असा अर्थ दडलेला असतो. त्याच्या आईचे हृदय त्या घटकेला निम्म्याच ताकदीने चालत होते. संकट जाणवताच मेंदू अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतासंस्थेला, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणाऱ्या नसांच्या जाळ्याला, जागे करतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काही सेकंदांतच ॲड्रेनलिन सोडतात, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील साखर चढते, आणि थोड्या वेळाने त्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची भर पडते. पळण्यासाठी हे उपयोगाचेच असते. पण या विकारात त्या रसायनांचा लोट एवढा मोठा असतो की हृदयाचा स्नायूच बधिर होतो. याचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रियाच असतात, आणि त्यातही बहुतेक पाळी थांबलेल्या. मात्र छातीतली कळ ताणाची की गुठळीची, हे घरी बसून कोणीही ठरवू नये. ईसीजीवरून तर ते आम्हालाही ठरवता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशी बोलत्या झाल्या. बोटीत जनावरांना जागा नव्हती. “दावी सोडली, पर गोठ्यातनं हलंनात की ती,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर आणि इतर औषधे सुरू होतीच, परंतु मॉनिटरवरची नाडी रात्रभर शंभराच्या खाली येत नव्हती. तेवढ्यात गावाकडून निरोप आला की दोन म्हशी माळावर सापडल्या, तिसरी वाहून गेली. मुलाचे म्हणणे, आईला काही सांगू नये. माझे मत उलट होते: जे कळत नाही त्याची वाट पाहताना शरीर सतत सावधच राहते, आणि तेच आम्हाला थांबवायचे होते. मुलाने तिचा हात धरून सगळे सांगितले. मावशी खूप रडल्या आणि त्या रात्री झोपल्या.

मिनिटाला सहा संथ श्वास घेण्याचा, त्यातही उच्छ्वास लांबवण्याचा व्यायाम मी शिकवला, कारण लांब उच्छ्वासाने व्हेगस चेता नाडीचा वेग उतरवते. मावशींना मोजणे कंटाळवाणे वाटले. त्यांनी संथ लयीत विठ्ठलाचा जप सुरू केला. हेतू तोच साधत होता, तेव्हा मी आग्रह सोडला.

काही आठवड्यांनी केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे आकुंचन पूर्ववत दिसले. हा विकार काहींना पुन्हा होतो, म्हणून तपासणी चालू ठेवली. पंचनाम्यासाठी आणि अनुदानासाठी हेलपाटे घालत असलेला मुलगा सोबत आला होता. सहज म्हणून त्याचा रक्तदाब पाहिला तर तो 160/100 भरला. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, तरी फरक नव्हता. शांत झोप लागत नाही, तंबाखू वाढली आहे, असे विचारल्यावर त्याने सांगितले, आणि त्याच दिवशी आम्ही त्याच्या नावाचाही केसपेपर काढला.