चोवीस आठवड्यांचा हिशोब

गर्भपात योग्य की अयोग्य हा वाद निघाला की गाडी लगेच 'जीव नेमका कधी सुरू होतो' या प्रश्नावर येऊन अडकते. कायद्याला तिथे अडकून बसता येत नाही, त्याला किती आठवड्यांपर्यंत गर्भपाताला मुभा हा आकडा लिहावाच लागतो. बारा, वीस, चोवीस. हा आकडा एकदा छापला गेला की वैद्यकीय वाटू लागतो, जणू कुणी फूटपट्टी लावून मोजला असावा. खरं तर प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी एका नैतिक प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलेलं असतं. भारतीय कायद्यात तर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी मोजणी, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. २८ दिवसांचं चक्र असेल तर फलन साधारण चौदाव्या दिवशी होतं. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते हिशोबात येतात. पाळी चुकली हे कळतं तेव्हा कागदावर चार आठवडे झालेले असतात. त्यामुळे कुठल्या देशात 'सहा आठवड्यांपर्यंत परवानगी' असं वाचलं, तर बाईच्या हातात खरे दोनच आठवडे आहेत असं समजावं, तेही पाळी घड्याळासारखी नियमित असेल तर. उलट भ्रूणशास्त्राच्या पुस्तकांतलं वय बहुतेक वेळा फलनापासून मोजलेलं असतं. दवाखान्यातले २४ आठवडे म्हणजे त्या पुस्तकातले २२. वाद घालणाऱ्यांपैकी एकाने एक मोजणी घ्यायची, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघांनीही समोरच्याला अडाणी ठरवायचं, हे नेहमीचंच.

सोनोग्राफीने वय ठरवतात, पण तिलाही फरकाची मुभा द्यावी लागते. पहिल्या तेरा आठवड्यांत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली तर चूक पाच-सात दिवसांची असते. विसाव्या आठवड्याच्या आसपास ती दहा दिवसांवर जाते आणि शेवटच्या तिमाहीत तीन आठवड्यांपर्यंत. म्हणजे एखादी बाई पहिल्यांदाच तेविसाव्या आठवड्यात तपासणीला आली, तर २४ ची रेषा मोजणीच्या चुकीतच कुठेतरी हरवलेली असते. म्हणून सर्वांत लवकर झालेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवावा. पुढे मेडिकल बोर्डापुढे (उशिराच्या गर्भपाताबद्दल मत देणारी डॉक्टरांची समिती) किंवा कोर्टापुढे जायची वेळ आलीच, तर वयाचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा तोच असतो.

ज्यांची मोजणी चुकते, त्याच उशिरा येतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी येत नसते, त्यामुळे दिवस गेल्याचं तिला कळत नाही. पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या मुलीची पाळी तीन-तीन महिने लांबते. चाळिशी ओलांडलेली बाई पाळी जायची वेळ झाली असं धरून चालते. अत्याचार झालेली अल्पवयीन मुलगी सांगणार तरी कुणाला? उशिरा येणाऱ्या बाईला निष्काळजी ठरवण्याआधी ही यादी आठवावी.

आता रेषा कुठे कुठे ओढता येते ते पाहू. फलनाच्या क्षणी ओढली तर एक अडचण लगेच येते: फलनानंतर साधारण चौदा दिवसांपर्यंत त्या एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात. जे अजून एकच राहणार की जुळं होणार हेही ठरलेलं नाही, त्याला 'ही एक व्यक्ती' म्हणणं तर्काला जड जातं. सहा आठवड्यांना 'हृदयाचे ठोके' म्हणतात, पण त्या वेळी हृदयाचे चार कप्पे झालेले नसतात. एका नळीतली विद्युत हालचाल यंत्र टिपतं, आणि आपण ऐकतो तो आवाज यंत्राने बनवलेला असतो. वेदनेचा निकष लावायचा तर मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागापासून मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंतची जोडणी लागते. ती साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास होते. त्याआधीही काही जाणीव असू शकते असं मानणारे अभ्यासक आहेत.

सर्वांत जुनी रेषा मात्र आपल्या भाषेतच आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, तिथून चेतना प्रकट होते, आणि आता दोन हृदयं झालेल्या त्या बाईला 'दौहृदिनी' म्हणतात. तिला होणाऱ्या इच्छा म्हणजे दोहद, आपले डोहाळे. डोहाळजेवण करणाऱ्यांपैकी कुणी हा नैतिक निकष म्हणून पाहत नाही, पण तो आहे. त्याचा इंग्रजी चुलतभाऊ १८६० च्या दंडसंहितेत सापडतो: पोटात हालचाल जाणवू लागल्यानंतर गर्भपात केला तर शिक्षा जास्त. पहिलटकरणीला ही हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते, आधी बाळंतपण झालेलीला थोडी लवकर. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि हा निकष कलम ८८ मध्ये जसाच्या तसा उतरला: एरवी तीन वर्षांपर्यंत, हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. ही शिक्षा स्वतःचा गर्भ स्वतः पाडणाऱ्या बाईलाही लागू आहे.

म्हणजे भारतात गर्भपात मुळात गुन्हा आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून डॉक्टरला दिलेली सूट. १९६४ मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली, १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला, आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. त्याची रचना अशी की निर्णय डॉक्टरच्या 'सद्भावनेने बनलेल्या मता'वर टांगलेला आहे. बाईच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, किंवा मुलात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता, यांपैकी काहीतरी डॉक्टरला पटलं पाहिजे. 'मला नको' हे कारण कायद्यात कुठेच नाही. गर्भनिरोधक निकामी झालं असं सांगितलं तर मानसिक इजा गृहीत धरतात. व्यवहारात बहुतेक गर्भपात याच दारातून होतात, आणि डॉक्टर-पेशंट दोघांनाही ते माहीत असतं. २०२१ पर्यंत हे दारही फक्त विवाहितांसाठी होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री वा तिचा पती' खोडून 'कोणतीही स्त्री वा तिचा जोडीदार' असं केलं.

इथेच एक ठरलेली चूक होते. सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची लेखी संमती लागते. नवऱ्याची सही कायद्याने मागितलेली नाही. तरी अनेक ठिकाणी 'मिस्टरांना घेऊन या' असं सांगतात, कारण पुढे नवऱ्याने तमाशा केला तर कागद हवा. त्या एका सहीपायी दोन-तीन आठवडे जातात आणि गोळ्यांनी होणारं काम शस्त्रक्रियेवर जातं. गोळ्यांची पद्धत नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंतच आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते, शिवाय पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मुलीने वा पालकाने विनंती केली तर या कळवण्यात डॉक्टरने मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे सगळ्याच दवाखान्यांपर्यंत पोहोचलेलं नाही.

आता चोवीसकडे. २०२१ नंतर मांडणी अशी: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर, तेही नियमांत दिलेल्या गटातल्या बायकांसाठीच: बलात्कार वा नात्यातल्या अत्याचाराची शिकार, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा वा घटस्फोटित झालेली, शारीरिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेली, आपत्तीत सापडलेली, किंवा गर्भात गंभीर व्यंग असलेली. २०२२ च्या त्याच निकालाने अविवाहितांनाही यात आणलं. २४ नंतर गर्भात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड, ज्याने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि मत अनुकूल असल्यास पाच दिवसांत प्रक्रिया पार पाडायची. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही.

नीट पाहा. २० ते २४ मध्ये कायदा मुख्यतः बाईकडे बघतो: ती कोण आहे, तिच्यावर काय गुदरलं. २४ ओलांडले की नजर उलटी फिरते आणि गर्भ कसा आहे एवढंच उरतं. पंचविसाव्या आठवड्यात आलेल्या बलात्कारपीडितेचा गर्भ निरोगी असेल तर बोर्डाला अधिकार नाही, तिला रिट याचिका घेऊन न्यायालयात जावं लागतं. गर्भाचा जगण्याचा हक्क आठवड्यांगणिक वाढतो म्हणून २४ ची रेषा असेल, तर व्यंग असलेल्या गर्भाचा हक्क का वाढत नाही? आणि बाईची स्वायत्तता हा पाया असेल, तर तिच्या दुःखाची वर्गवारी कशाला?

२०२३ या एकाच वर्षात ही विसंगती दोन टोकांनी दिसली. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे ३३ आठवड्यांच्या गर्भाच्या समाप्तीला परवानगी दिली. गर्भात मेंदूचं व्यंग होतं, बोर्डाने नकार दिला होता, आणि निवडीचा हक्क बाईचा आहे, बोर्डाचा नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवडे ५ दिवसांच्या प्रकरणात परवानगी नाकारली. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू, अंगावर पाजत असल्यामुळे दिवस गेल्याचं उशिरा कळलेलं. गर्भ निरोगी होता.

त्या दुसऱ्या प्रकरणात एम्सच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला या संपूर्ण वादातला सर्वांत प्रामाणिक वाटतो: गर्भ जगण्याची शक्यता आहे, मग त्याचं हृदय आधी थांबवायचं का? साधारण बावीस आठवड्यांनंतर गर्भधारणा संपवणं आणि गर्भाचा जीव संपवणं या दोन वेगळ्या कृती होतात. हृदय थांबवणारं इंजेक्शन दिलं नाही तर मूल जिवंत जन्मू शकतं, आणि इतक्या लवकर जन्मल्यामुळे मेंदूची, डोळ्यांची, फुप्फुसांची हानी घेऊन जगू शकतं. आपल्या कायद्याचं नाव गर्भधारणा संपवण्याबद्दल आहे, या दुसऱ्या कृतीबद्दल तो गप्प आहे. योगायोग असा की आपला कायदा आला त्याच १९७१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जुडिथ जार्विस थॉमसन यांनी नेमका हाच धागा पकडला होता. गर्भ माणूस आहे असं मान्य करूनही दुसऱ्याला आपलं शरीर वापरू देण्याची सक्ती होऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पण त्याला जोडूनच त्यांनी म्हटलं की वेगळं होण्याचा हक्क म्हणजे त्याच्या मृत्यूची हमी मागण्याचा हक्क नव्हे. युक्तिवादाचा पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा क्वचितच कुणी.

'बाहेर जगू शकतो' हा निकष ब्रिटनने कायद्यात आणला तेव्हा मर्यादा २८ आठवडे होती, १९९० मध्ये ती २४ झाली. गर्भ तेवढ्यात बदलला नाही, व्हेंटिलेटर बदलले. नवजात अतिदक्षता विभाग चांगला असेल तिथे २२-२३ आठवड्यांचं मूलही कधी कधी वाचतं, नसेल तिथे २८ आठवड्यांचंही जातं. एखाद्याचं नैतिक मूल्य जवळच्या दवाखान्यातल्या यंत्रावर ठरतं असं म्हणणं मला तरी पटत नाही.

व्यंगाच्या बाबतीत वेळापत्रकच बाईच्या विरोधात आहे. अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते, कारण त्याआधी हृदय, मूत्रपिंडं, मेंदू नीट दिसत नाहीत. शंका आली की गर्भजल तपासणी, मग गुणसूत्रांचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे, मधे हृदयाची वेगळी सोनोग्राफी. बाविसावा-तेविसावा आठवडा सहज उजाडतो. निर्णयाला उरतात ते मोजके दिवस, आणि त्यातच दुसरं मत घ्यायचं. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी टाळू नये ती यासाठी.

भाषेनेही घोळ वाढवला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानावर बंदी आणली, १९९४ मध्ये देशभराचा कायदा झाला. गरज खरी होती: शून्य ते सहा वयोगटातलं देशाचं प्रमाण १९९१ मध्ये हजार मुलांमागे ९४५ मुली होतं, २००१ मध्ये ९२७ वर आलं. पण भिंतीभिंतींवर रंगवलं गेलं ते 'स्त्रीभ्रूणहत्या', आणि धर्मशास्त्रातल्या महापातकाचा तो शब्द सगळ्याच गर्भपातांना चिकटला. गुन्हा लिंग तपासण्यात आणि त्यावरून गर्भ पाडण्यात आहे हे मागे पडलं. औषध दुकानदारांनी कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणं बंद केलं. लिंग सोनोग्राफीत बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून दिसू लागतं, म्हणून त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिलं जातं, विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत व्यंग कळलेलीकडेसुद्धा.

आणि इथे स्त्रीवादी बाजूचीही कोंडी आहे, ती टाळून चालणार नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ नको म्हणणं हा गुन्हा आहे. डाऊन सिंड्रोम आहे म्हणून नको म्हणणं हे मर्यादा शिथिल करण्याचं कारण ठरू शकतं. दोन्हीकडे बाईला मूल हवं असतं, हे मूल नको असतं. पहिल्यात समाजाचा दबाव आहे म्हणून तिची निवड खरी नाही, असं आपण म्हणतो. अपंग मूल एकटीने वाढवायचं, शाळा नाही, मदतनीस नाही, आपल्यामागे कोण बघेल ठाऊक नाही, याला दबाव म्हणायचं की नाही? अपंग हक्कांसाठी काम करणारे हे कितीतरी दिवस विचारत आहेत. कायद्याने त्यावर 'मोठं व्यंग' एवढेच दोन शब्द लिहिले, आणि मोठं म्हणजे किती ते प्रत्येक बोर्डावर सोडलं.