यादीवरच्या हिरव्या टिका

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा पक्षाचा प्रतिनिधी म्हणून टेबलापाशी मी बसलो होतो. आमच्या बूथचं मशीन उघडलं, आकडा कागदावर उतरवला आणि पेन खाली ठेवलं. लोकसभेला इथंच आम्ही पुढं होतो. सहा महिन्यांत मागं पडलो. पक्षाचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात ते सांगितलं की पुढचं कोण वाचत नाही, वादच सुरू होतो.

बैठकीत नेहमीचं कारण पुढं आलं, आपला मतदार बाहेर पडला नाही. हे इथं खपत नाही. मतदानाच्या टक्क्यात आमचा जिल्हा राज्यात कायम वरच्या नंबरात. आमच्या बूथवर सहाला दार बंद झालं तेव्हा आत रांग होती. माणूस आला होता, बटण दुसरं दाबून गेला.

कार्यकर्त्याकडं यादी असते आणि प्रत्येक नावापुढं टीक. हिरवी म्हणजे आपला, लाल म्हणजे त्यांचा, पिवळी म्हणजे काठावरचा. प्रचारात सगळा जोर पिवळ्यांवर असतो. हिरव्यांच्या दारात फक्त स्लिप टाकायची आणि पुढं जायचं. घरी बसून मी हिरव्या टिका मोजल्या, तर आम्हाला मिळालेली मतं त्यांच्यापेक्षा कमी निघाली. पिवळं एक मत मिळालं नाही असं धरलं, तरी हिशेब बसत नव्हता. गेलेला माणूस घरातला होता.

वर सांगितलं तर वरून ‘संपर्क अभियान’ आलं. बॅनर, स्कार्फ, रोजचे वीस फोटो ग्रुपवर. मी ते दोन दिवस केलं आणि सोडलं. मग दर रविवारी तालमीतल्या एका मित्राला घेऊन फक्त हिरव्या घरांत जायला लागलो, साध्या शर्टावर, एक वही घेऊन.

पहिले चार-पाच रविवार वाया गेले, कारण मी समजावत बसायचो. आपल्या काळात काय झालं, त्यांनी काय बिघडवलं. एका आजोबांनी माझ्या तोंडासमोर टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हापासून गप्प बसून लिहायला लागलो. एक रिक्षावाले म्हणाले, “मी मत चिन्हाला दिलंतं. तुमचा माणूस दुसरीकडं गेला, परत आला, आता म्हणतो हेच चिन्ह खरं. मी कुठं कुठं फिरू त्याच्या मागनं?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते आजही परतलेले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं. त्याचं श्रेय कुणाचं, यावर आमच्या बैठकीत तासभर गेलेला मी पाहिलाय. उंबऱ्यावर तो विषय एकानंही काढला नाही. पाणी किती वाजता सोडणार, एवढंच विचारायचे.

पंचगंगेच्या बाजूला खालच्या गल्लीत एक आक्का राहतात. यादीत त्यांच्या घरातल्या पाचही नावांना हिरवी टीक. जुलै २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर अजून आहे, तिच्या बरोबर वर खिळा मारून कॅलेंडर टांगलंय. आक्का त्या रेघेकडं बघत म्हणाल्या, “तुमचा सायब बोटीतनं आलता. मी माडीवर हुतो. हात केला. त्यानंबी हात केला आणि बोट गेली. मला वाटलं माघारी येतील. पंचनाम्यालासुद्धा कोण आलं न्हाई.”

त्या बोटीत फोटो काढायला मी होतो.

तसं सांगितलं. म्हणाल्या, “ठावं हाय. तुला बघितलंतं.” चहा मिळाला नाही. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला चहा न मिळणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

चुकलो म्हटल्यानं काही फरक पडला नाही. दारासमोरचा ड्रेनेजचा चेंबर तुंबत होता. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपलेली, पाच वर्षं प्रशासक, म्हणजे सांगायला नगरसेवकही नाही. चेंबरसाठी चार हेलपाटे मारले. चौथ्या वेळी गाडी आली, तेव्हा मी तिथंच थांबलो, फोटो काढला नाही. आक्कांच्या मालकांचं नाव ते वारल्यावरही मतदार यादीत होतं, त्यासाठी फॉर्म ७ भरला. नात अठराची झाली म्हणून ऑगस्टमध्ये फॉर्म ६ भरून घेतला, आणि तिथं फसलो. महापालिकेच्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली. पोरीला मत देता येणार नव्हतं. मतदानादिवशी केंद्रावर कळलं असतं तर संपलंच, म्हणून आधीच जाऊन सांगितलं. पोरगी रुसली. आक्का म्हणाल्या, “बस. चहा टाकतो.”

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. या वेळी आमचा प्रभाग चार सदस्यांचा, म्हणजे एका माणसाला चार मतं. मशीनवर अ जागेला पांढरी मतपत्रिका, ब ला गुलाबी, क ला पिवळी, ड ला निळी. आम्ही ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे चारही मतं आपल्यालाच द्या, म्हणून घसा कोरडा केला, पण आमच्या लोकांनी काय केलं ते मोजणीत दिसलं. चारही जागांचे आमचे आकडे वेगवेगळे. हिरव्या घरांनी निवडून निवडून दिलं होतं.

निकालानंतरच्या रविवारी आक्का मंडईच्या वाटेवर भेटल्या. मी काही विचारलं नाही, विचारायचं नसतंच. पिशवी या हातातनं त्या हातात घेत त्याच म्हणाल्या, “गुलाबी दिलंय तुमास्नी. बाकीची तीन दिली न्हाईत.” आणि भाजी घ्यायला गेल्या.

घरी येऊन यादी काढली. त्यांच्या नावापुढं कुठला रंग करायचा ते ठरेना, म्हणून हिरवी टीक खोडून जागा मोकळी ठेवली.