फुगडीची साडी आणि भानू अथय्या

साडीला चेन असते हे अजून काही जणींच्या पचनी पडत नाही. आमच्या गोव्यात, फोंड्याकडे चवथीच्या आधी फुगडीच्या स्पर्धांचे वारे वाहू लागले की टेलरकडे नऊवारींचा ढीग पडतो, आणि घरोघरी एक तरी काकी म्हणतेच, "शिवलेली ती कसली साडी? तो पायजमा गो!"

काकींचा मान राखून सांगते, हे खूळ आजकालच्या पोरींचे नव्हे. 'ब्रह्मचारी' आला १९६८ साली. त्यात शम्मी कपूरबरोबर नाचणाऱ्या मुमताजच्या केशरी साडीला चेनच होती. वेशभूषाकार भानू अथय्यांनी ती आधीच शिवून ठेवली होती. मुमताजने नुसती अंगात घालायची. तो नाच एकदा बघाच. कंबर, खांदे, गुडघे, सगळे एकदम हलते. पिनांवर तगवलेली साडी पहिल्या कडव्यातच हातात आली असती. नेसणे चापूनचोपून हवे आणि नाचही मनसोक्त हवा, यातून टेलरिंगनेच वाट काढली.

भानूताई कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार. त्या स्वतः मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकल्या, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, मग मासिकांसाठी फॅशनची रेखाटने करता करता १९५६च्या 'सीआयडी'पासून सिनेमात आल्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर घेतले, भारताचे पहिलेच. २०१२मध्ये ती बाहुली नीट राहावी म्हणून अकादमीकडे परतही पाठवली. हे सगळे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सापडते. चेनचे सापडत नाही. मला विचाराल तर ऑस्करपेक्षा चेन मोठी.

माझ्या मावशीच्या पिढीला भानूताईंचे नाव माहीत नव्हते, पण त्यांचे कपडे अंगावर होते. १९६५च्या 'वक्त'मध्ये साधनाने घातलेला तो अंगासरशी बसणारा कुडता आणि चुडीदार! गोवा मुक्त होऊन तेव्हा चारेक वर्षे झालेली. मावशी सांगते, पणजीत शिकणाऱ्या मुली सिनेमा बघून यायच्या आणि टेलरपुढे उभ्या राहून हातवारे करत कुडता समजावायच्या. फोटो कुठून आणणार? मावशीनेही शिवून घेतला. तो इतका घट्ट झाला की कारेरची, म्हणजे बसची, पायरी चढताना तिला आधी आडवे वळावे लागे. घरात आजोबांनी दोन दिवस अबोला धरला. पण पुढच्या चवथीला धाकट्या मावशीसाठी तस्सेच कापड आणले ते आजोबांनीच. श्रेय सगळे साधनाला. पडद्यावरची श्रेयनामावली सरकत असताना लोक खुर्ची शोधत असतात, दुसरे काय होणार?

'आम्रपाली'चीही तीच गत. भानूताईंनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासून वैजयंतीमालेचा तो पोशाख केला. आता आमच्याकडे जत्रेच्या नाटकात मेनका आली की ड्रेपरीवाल्याच्या ट्रंकेतून निघते ती आम्रपालीच. मेनकेला कोणी बघितले आहे? वैजयंतीमालेला बघितले आहे.

फुगडीची नऊवारी शिवताना मात्र एकदा जाऊन बघण्यासारखे असते. तिस्कावरचा आमचा टेलर तिचे माप उभ्याने घेत नाही. आधी उकिडवे बसवतो, मग वाकायला लावतो, मग सांगतो, "आता एक उडी." आम्ही हसतो, तो हसत नाही. आसन आखूड पडले तर तिसऱ्या गिरकीला टर्र होणार आणि दोष त्याच्या माथी येणार. काष्टा आधीच शिवतो, निऱ्या मोजून कमरपट्टीत बसवतो, बाजूला चेन आणि वर हूक. खांद्यावर पदराला मात्र पिन. तिथे त्याने हात टेकलेत. प्रत्येकीला पदर वेगळा हवा असतो. पूर्वी नेसवायला एक जाणती बाई लागायची आणि बारा जणी तिच्यापुढे रांगेत. आता दहा मिनिटांत टीम तयार. उरलेल्या वेळात गजऱ्यांवरून भांडता येते.

मला स्वतःला नेसलेली नऊवारी जास्त आवडते, हे खरे. लग्नकार्यात मी नेसूनच घेते. पण कट्टी फुगडीत दोन्ही हातांत करवंट्या असतात आणि ओचा सुटला तर सावरायला तिसरा हात कुठून आणायचा?

यंदा टीमने एक नवीन मागणी केली आहे. काष्ट्याच्या आत खिसा, मोबाईलपुरता. टेलरने आधी कपाळाला हात लावला, मग खडू घेऊन माझ्याच साडीवर चौकोन आखला आणि विचारले, "फोन केवढा? काढा बघू."